बहात्तराव्या हिश्श्याचे विमान

आज ज्या वस्तूविषयी सांगायचे आहे ती तळहातावर मावते. लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची लहान प्रतिकृती. दुकानात ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळते. भाग सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि कपाटावर ठेवायचे. ती उडत नाही, तिला चावी नाही. तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या रिकामटेकड्या पोरांचे खूळ, याचे आम्हांला काय? पण ही वस्तू खेळणे म्हणून जगभर गेली त्याच्या मध्ये तिने एक फार गंभीर काम केले आहे. ते काम होते ओळख पटवण्याचे.

ओळख पटवणे म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी गुरे परत येतात तेव्हा दूरवरून, धुळीतून, केवळ चालीवरून आपला बैल तुम्ही ओळखता. वर आभाळात घिरट्या घालणारा पक्षी घार आहे की गिधाड, हे शेपटीवरून सांगता. घारीची शेपटी दुभंगलेली. पिसे मोजावी लागत नाहीत. आकृती डोळ्यात बसलेली असते, एवढेच. आता अशी कल्पना करा की तो पक्षी ताशी तीनशे मैलांच्या वेगाने येतो आहे, तो आपला की परका हे ठरवायला तुमच्यापाशी चार-पाच सेकंद आहेत, आणि बोट बंदुकीच्या चापावर आहे.

हे नुसते कल्पनेतले नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने युद्ध पुकारले ३ सप्टेंबर १९३९ रोजी. तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरच्या सकाळी, शत्रूची विमाने येत असल्याची वर्दी आली. वर्दीच खोटी होती. पण विमाने उडाली. ५६ व्या तुकडीची हरिकेन आणि ७४ व्या तुकडीची स्पिटफायर, दोन्ही ब्रिटिशच. स्पिटफायरच्या वैमानिकांना समोरची विमाने जर्मन मेसरश्मिट वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन पडली. एक वैमानिक वाचला, दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, मेला. त्या युद्धात मेलेला ब्रिटिश लढाऊ विमानांचा तो पहिला वैमानिक, आणि मारला तो आपल्याच लोकांनी. गोळ्या झाडणाऱ्यांवर लष्करी खटला चालला, ते निर्दोष सुटले. त्या प्रसंगाला पुढे ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे उपरोधाचे नाव पडले.

मेसरश्मिट १०९ आणि हरिकेन ही विमाने शेजारी ठेवली तर शाळेतला पोरगाही फरक सांगेल. हरिकेनची पाठ कुबडी, पंख जाड. मेसरश्मिटचे धड सडपातळ, त्या काळच्या पंखांची टोके चौकोनी छाटल्यासारखी, आणि शेपटीच्या आडव्या पंखांना खालून तिरपा टेकू दिलेला. पण पाठीमागून, सकाळच्या उन्हात, ऊर धडधडत असताना? एक इंजिन, एक माणूस, धडाच्या खालच्या अंगाला जोडलेले पंख. दोन्हींचे वर्णन एकच! नुसत्या वर्णनाने आणि पुस्तकातल्या एका चित्राने भागत नाही ते इथे. आकृती सर्व बाजूंनी फिरवून पाहिलेली हवी. त्यासाठी हातात धरता येईल असे विमान हवे.

अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या आरमाराला हीच अडचण आली. तोफांवर बसणारे हजारो नवे जवान, आणि त्यांनी आयुष्यात कधी शत्रूचे विमान पाहिलेले नाही. १९४२ साली आरमाराने आणि सरकारच्या शिक्षण कचेरीने देशातल्या शाळांना साद घातली : आम्हांला विमानांच्या पाच लाख प्रतिकृती करून द्या. नकाशे आम्ही देतो, लाकूड तुमचे, हात मुलांचे. मग सुतारकामाच्या वर्गात मुले मऊ लाकूड तासू लागली. कागदी साच्याने आकार तपासायचा, घासायचे आणि शेवटी सगळे विमान काळे रंगवायचे. काळे का? कारण आभाळाच्या उजेडासमोर विमान काळेच दिसते. डोळ्याला रंग मिळत नाही, बाह्याकृती तेवढी मिळते. जवानांना चार गोष्टी त्याच क्रमाने बघायला शिकवीत : पंख, इंजिन, धड, शेपूट. पुढे कारखान्यांतून प्लॅस्टिकच्याही प्रतिकृती निघू लागल्या.

आता गुरुजींनी खडू हातात घ्यावा, कारण इथे गणित आहे. या प्रतिकृतींचे प्रमाण होते एकास बहात्तर. म्हणजे मूळ वस्तूचा बहात्तरावा हिस्सा. बहात्तरच का? एक फूट म्हणजे बारा इंच, सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा प्रतिकृतीतला एक इंच म्हणजे खरे सहा फूट. उंचापुरा माणूस एक इंचाचा होतो. बारा फुटी बैलगाडी दोन इंचांची. चोवीस फूट लांब, अठरा फूट रुंद वर्गखोली म्हणजे चार इंच बाय तीन इंचांचा पुठ्ठा, एका पोस्टकार्डात मावणारा. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, लांबी २९ फूट ११ इंच. भागाकार करा : विस्तार सहा इंचांहून थोडा जास्त, लांबी पाच इंचांना केसभर कमी.

यातली खरी गंमत पुढे आहे. असे विमान ३५ फुटांवर टांगले तर डोळ्याला ते केवढे दिसेल? ३५ गुणिले ७२, म्हणजे २,५२० फुटांवरच्या खऱ्या विमानाएवढे. अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट. झाले ना! एका लांब खोलीत बसून अर्ध्या मैलावरचे आकाश जवानाला दाखवता येत होते. वस्तू लहान केली तर अंतरही त्याच प्रमाणात लहान होते, हा सारखे-त्रिकोणांचा नियम आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि विसरतो.

हे प्रमाण काही युद्धात जन्मले नाही. १९३२ साली इंग्लंडात जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थाने ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच याच मापाने काढले. १९३६ साली ‘फ्रॉग’ कंपनीने याच मापाचे प्लॅस्टिकचे संच विकायला आणले. फ्रॉगची इतर विमाने खरोखर उडत. ही उडत नव्हती, म्हणून त्यांना नाव दिले ‘पेंग्विन’. पंख आहेत पण उडत नाही तो पक्षी! ते प्लॅस्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेटचे होते. काळाने ते वाकडे होते. आज जुन्या पेंग्विनचे पंख सरळ असलेला नमुना मिळाला तर संग्राहकाला आनंद होतो.

युद्ध संपले आणि पॉलिस्टायरीन नावाचे स्वस्त, आकार धरून ठेवणारे प्लॅस्टिक आले. इंग्लंडातच ‘एअरफिक्स’ नावाची कंपनी होती. निकोलस कोव्ह या हंगेरियन माणसाने ती १९३९ साली काढलेली. ती हवा भरायची रबरी खेळणी करी, मग कंगवे करू लागली. १९४९ साली तिच्याकडे एक काम आले, आणि शेतकरी बंधूंना हे ऐकून बरे वाटेल : फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करून हवी होती, विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला. ती जोडणे जिकिरीचे, म्हणून पुढे सुटे भागच विकायला ठेवले. जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध विमान-संचवाल्या कंपनीची सुरुवात ट्रॅक्टरने झाली ती अशी. १९५३ साली तिने बहात्तराव्या हिश्श्याची स्पिटफायर काढली आणि मग विमानांची रांगच लागली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

संचाची पेटी उघडली की भाग सुटे पडलेले नसतात, एका प्लॅस्टिकच्या चौकटीला देठांनी लटकलेले असतात. घोसाला द्राक्षे असावीत तसे. कारखान्यात पॉलिस्टायरीनचे दाणे तापवून पातळ करतात आणि पोलादी साच्यात दाबाने भरतात. रस ज्या पाटांतून भागांपर्यंत गेला ते पाटही थिजतात, त्यांचीच ही चौकट. भाग ओढून, पिरगळून तोडू नयेत. लहान कात्रीने देठ थोडा राखून कापावा आणि उरलेले खुंट बारीक पॉलिश पेपरने घासावे. आधी सगळे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्यावे. साच्यातून निघताना त्याला तेलकटपणा लागलेला असतो, त्यावर रंग धरत नाही.

बैठकीच्या आतला रंग धडाचे दोन अर्ध जोडण्याआधीच द्यायचा. एकदा धड बंद झाले की आत कुंचला जात नाही. आमच्याकडे भिंत बांधून झाल्यावर कोनाड्याची आठवण होते, तसला हा प्रकार नको.

चिकटवणे हा शब्द इथे खरा नाही. लाकडाचा सरस दोन फळ्यांच्या मध्ये राहतो. प्लॅस्टिकचे हे द्रव दोन्ही कडा विरघळवते, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून जाते. उरतो तो सांधा एकजीव. म्हणून ते थेंबाथेंबाने वापरायचे. दोन्ही अर्ध घट्ट धरून फटीच्या एका टोकाला कुंचला टेकवला की केशाकर्षणाने द्रव आपोआप फटभर धावते. जादा पडले तर पंखाचा चेहराच विरघळतो आणि बोटाचा ठसा त्यावर कायमचा राहतो. या द्रवाचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतेही. तेव्हा खिडक्या उघड्या, चूल-दिवा लांब, आणि पाते किंवा द्रव लहान मुलांच्या हाती एकट्याने नाही. यात सवलत देऊ नका.

पंख जोडताना समोरून डोळा लावून पाहावे. पंखांची टोके मुळापेक्षा किंचित वर उचललेली असतात, दोन्हीकडे सारखी. एक वर, एक खाली राहिले की विमान लंगडे दिसते. नाकाखाली चाक असलेली जेट विमाने करताना नाकात आधी छर्रा भरावा, नाहीतर ती शेपटीवर बसतात. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ज्यांची जुळणी होत असे आणि जी २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली, ती मिग-२१ याच जातीची. स्पिटफायरला छर्रा नको, तिचे लहान चाक शेपटीखाली असते.

स्पिटफायरच्या पंखाकडे मात्र जरा थांबून बघा. त्याची कड जवळजवळ लंबवर्तुळाची आहे. भूमितीच्या तासाला दोन टाचण्या, दोऱ्याचे वेटोळे आणि पेन्सिल घेऊन काढतो ना, तेच. पंख पातळ हवा होता, पण मुळाशी चाके आणि आठ बंदुका मावायला रुंदीही हवी होती. शिवाय पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे कमी व्हावेत असा विचार होता. आर. जे. मिचेल यांच्या हाताखालच्या मंडळींनी हा आकार पक्का केला. ५ मार्च १९३६ रोजी ती पहिल्यांदा उडाली, आणि पुढच्याच वर्षी मिचेल वारले. ही कड घासताना कुठे चपटी झाली, तर बाकी कितीही रंगवा, ती स्पिटफायर राहत नाही.

रंगाच्या बाबतीत पहिली गोष्ट जाडीची. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर, जवळजवळ तीन इंच! नखाएवढ्या जाडीचा रंग थापला तर खऱ्या विमानाला शेणामातीचा गिलावा केल्यासारखे होते. रंग पातळ हवा, थर दोन-तीन हवेत, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. आधी करड्या रंगाचे पातळ अस्तर द्यावे, त्यात राहिलेल्या फटी आणि ओरखडे उघडे पडतात. तिथे पुट्टी भरून पुन्हा घासावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे. चांगले आणि बरे यांतला निम्मा फरक इथेच पडतो.

दुसरी गोष्ट छटेची. गावालगतची टेकडी हिरवी दिसते, तिच्या मागचा डोंगर निळसर आणि त्यापलीकडची रांग धुरकट. मधली हवा रंग पुसट करते. आपण एका फुटावरून प्रतिकृती पाहतो तेव्हा ७२ फुटांवरचे विमान पाहत असतो. म्हणून पुष्कळ जण मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून तो हलका करतात. किती मिसळायचा यावर जाणकारांचे वाद चालतात. मला विचाराल तर त्या वादात फार वेळ घालवू नये. आकृती चुकली तर छटा वाचवणार नाही.

लढाऊ विमान रंगवतात ते शोभेसाठी नव्हे. १९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरच्या पाठीवर तपकिरी आणि गडद हिरवे पट्टे असत, वरून पाहणाऱ्याला ती नांगरलेल्या शेतात आणि झाडीत मिसळून जावी म्हणून. पोटाचा रंग फिकट हिरवट, खालून आभाळात हरवावी म्हणून. त्याच्या थोडे आधी मात्र उलटा प्रकार होता. पोटाची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी! लपणे गेले बाजूला, जमिनीवरच्या टेहळ्यांना आणि तोफवाल्यांना आपले विमान चटकन कळावे एवढाच हेतू. लपावे की ओळखू यावे, या ओढाताणीत रंग वरचेवर बदलत राहिले. म्हणून संच करताना नुसते ‘स्पिटफायर’ म्हणून चालत नाही. कोणत्या वर्षाची, कोणत्या महिन्याची, हे आधी ठरवावे लागते.

हीच ओढाताण आपल्या बाजूलाही झाली. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार निशाणीत मध्ये लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल सूर्य. ब्रह्मदेशच्या आभाळात कुणी खालून लाल ठिपका पाहिला की तो आधी गोळी झाडणार. तेव्हा त्या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला, आणि गडद निळ्यात फिकट निळा ठिपका अशी निशाणी आली. ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय तुकड्यांच्या हरिकेनवर हीच निळी निशाणी होती. अमेरिकेनेही १९४२ साली आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणाने पुसला. आज हवाई दलाच्या विमानांवर बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे अशी वर्तुळे आहेत. १९४७ साली काश्मीरच्या लढाईतही आपल्या हवाई दलाने स्पिटफायर वापरली. तेव्हा भारतीय स्पिटफायर करायची तर निशाणी वर्ष बघूनच लावावी.

ही निशाणी संचात छापील पापुद्र्याच्या रूपात येते. कापून कोमट पाण्यात क्षणभर बुडवायची, पाठीचा डिंक सुटला की कागदावरून विमानावर सरकवायची आणि ओल्या कुंचल्याने नेमकी जागी आणायची. खालचा रंग गुळगुळीत नसेल तर पापुद्र्याखाली हवा राहते आणि कडा रुपेरी दिसतात.

शेवटचा हात वापराच्या खुणांचा. इंजिनाच्या धुराड्यांमागे काजळीचा पट्टा. वैमानिक डावीकडून चढतो, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग झिजलेला. आणि पंखाच्या पुढच्या कडेवर बंदुकांच्या तोंडांशी लाल कापडाची ठिगळे. धूळ आणि थंडी आत जाऊ नये म्हणून ती लावीत. विमान परतले आणि ठिगळे फाटलेली दिसली, की वर गोळीबार झाला हे जमिनीवरच्या कामगारांना वैमानिक खाली उतरण्याआधीच कळे. तेव्हा ठिगळे अखंड दाखवायची की फाटकी, याचाही विचार करून ठेवा. अखंड ठिगळांच्या पंखाखाली धुराचे काळे फराटे ओढले तर ते खोटे ठरते.

काही गुरुजी विचारतात, मुलांच्या हाती युद्धाची खेळणी द्यावीच का? प्रश्न रास्त आहे. पेटीवरच्या चित्रात शत्रूचे विमान पेटलेले असते, आतला माणूस दिसत नाही. मी म्हणेन, द्यावे, पण चित्रापलीकडचे सांगून द्यावे. हरिकेन करणाऱ्या मुलाला हल्टन-हॅरपची हकीकत ठाऊक असावी. लाल ठिपका का गेला हे ठाऊक असावे. मग रंगाचा डबा उघडताना त्याचा हात आपोआप जरा सावकाश चालतो.

आणि संच विकत घ्यायची ऐपत नसेल तर? अमेरिकेतल्या त्या मुलांकडेही संच नव्हते. पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड घ्या, नाहीतर वह्यांचे पुठ्ठे एकावर एक डकवा. विमानाची तीन चित्रे लागतात : वरून, बाजूने आणि समोरून. त्यांवर चौकटी आखून मापे बहात्तराने भागा, पुठ्ठ्याचा साचा कापा आणि लाकूड त्यात बसेपर्यंत घासा. पंख वेगळे करून खाच पाडून बसवा. रंग एकच, काळा. असली चार निरनिराळी विमाने झाली की शाळेच्या ओसरीच्या टोकाला दोऱ्याने टांगा आणि ३५ फूट मोजून रेघ ओढा. ओसरी पुरली नाही तर मैदानात या, मागे मोकळे आभाळ येईल असे बघा. मुलांनी रेघेवर पाठ करून उभे राहायचे, वळायचे, पाच आकडे मोजेपर्यंत पाहायचे आणि पुन्हा पाठ करून पाटीवर नाव लिहायचे. दोरा पिळून विमान फिरते ठेवले तर कठीण जाते. नेमके समोरून येणारे विमान सगळ्यांत फसवते, कारण तेव्हा धड आणि शेपूट लपते आणि पंखांची एक रेघ तेवढी उरते.

प्लॅस्टिकचे असेल तर उन्हात टांगून ठेवू नका. वैशाखात पत्र्याखाली पंख वाकतात. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने काढावी, फडक्याने नाही. फडक्याच्या धाग्यात अडकून आधी चाके जातात.